‘ड्रॉप’चं बटण दाबण्याआधी

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात. सत्र सुरू झाल्यावर एखादा विषय सोडला, किंवा सगळंच सोडून घरी आलं, तर भरलेल्या फीचं आणि मिळालेल्या मदतीचं काय होतं? टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसमध्ये मी सतरा वर्षं खिडकीवर बसले. तिथे आलेल्या आपल्या मुलांपैकी बरीचशी उशिरा आलेली असायची. बटण आधी दाबलेलं आणि बिल हातात. म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नाला देते. पहिल्या पत्राला अंक निघेपर्यंत थांबवणं शक्य नव्हतं. त्या ताईंना मी त्याच रात्री ईमेल केली होती, तीच इथे थोडी वाढवून देत आहे.

प्रश्न : ताई, आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. ग्रीन कार्ड आहे. ह्यांची नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली, मग बरेच महिने घरी होते. आता लागली आहे, पण पगार निम्मा. मुलगी इथल्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे, घरूनच जाते. तिला पूर्ण पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत) मिळालं, शिवाय सरकारी कर्ज. तिने चौदा क्रेडिट घेतलेत. लॅबसकट केमिस्ट्री चार, कॅलक्युलस चार, इंग्रजी तीन, इतिहास तीन. केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत शंभरात ३८ पडले. तेव्हापासून नीट जेवत नाही. मैत्रीण सांगते, सगळंच सोड आणि जानेवारीत नव्याने सुरुवात कर. मला वाटतं नुसती केमिस्ट्री सोडावी. तिचे बाबा म्हणतात, पैसे भरलेत, काही सोडायचं नाही. आज ५ ऑक्टोबर. कोणाचं ऐकू?
— एक आई, फ्रिस्को

उत्तर : ताई, तुमचंच ऐका. पण का ते लेकीला समजावून सांगायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण घरात ‘सोडलं’ हा एकच शब्द वापरतो. कॉलेजच्या हिशेबात त्याचे तीन प्रकार पडतात आणि तिघांची किंमत वेगवेगळी. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत सत्राचा बारावा ‘क्लास डे’ हा मोठा दिवस. क्लास डे म्हणजे कॉलेजात वर्ग भरतात तो प्रत्येक दिवस. तुमच्या मुलीचा वर्ग त्या दिवशी असो वा नसो, तो दिवस मोजला जातो. त्या बाराव्या दिवसापर्यंत एखादा विषय सोडला आणि बाकीचे ठेवले, तर त्या विषयाची फी परत मिळते आणि गुणपत्रिकेवर त्याचा मागमूस राहत नाही. हा झाला खरा ‘ड्रॉप’. त्यानंतर विषय सोडला तर गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ उमटतो आणि फी परत येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे सगळे विषय सोडणं. त्याला ‘विथड्रॉवल’ म्हणतात आणि तिथे नियमांची वहीच बदलते.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण दर सप्टेंबरला कोणी ना कोणी तिच्यात अडकतं. बारा दिवसांच्या आत एकेक करत सगळे विषय ड्रॉप केले तर सगळी फी परत मिळेल असं मुलांना वाटतं. तसं होत नाही. शेवटचा विषय काढला की ते विथड्रॉवल धरलं जातं आणि त्याला वेगळी उतरंड लागते. पहिल्या वर्गाच्या दिवसाआधी सोडलं तर शंभर टक्के. पहिल्या पाच क्लास डेमध्ये ८० टक्के, पुढच्या पाचांत ७०, त्यापुढच्या पाचांत ५०, चौथ्या पाचांत २५ आणि मग शून्य. म्हणजे दुसऱ्याच दिवशी मन बदललं तरी पाचवा हिस्सा गेलाच.

तुमची ५ ऑक्टोबर या सगळ्याच्या पलीकडची आहे. केमिस्ट्रीची फी आता ठेवली तरी गेली आणि सोडली तरी गेली. तिच्या बाबांना हे शांतपणे सांगा. त्यांचं दुःख मला समजतं, निम्म्या पगारात एकेक डॉलर मोजून भरलेला असतो. पण भरलेल्या पैशाकडे बघून पुढचा निर्णय घेतला तर पुढची मदतही जाते. आता बघायचं ते पुढच्या मदतीकडे.

पेल ग्रँटचं आधी. या वर्षी पूर्ण पेल ७,३९५ डॉलर आहे, एका सत्राला साधारण ३,६९८. बारा किंवा अधिक क्रेडिट असले तर पूर्ण मिळतं, त्याखाली प्रमाणात कमी होतं. दहा क्रेडिटला ८३ टक्के, नवाला ७५, सहाला निम्मं. बहुतेक सरकारी विद्यापीठं हा आकडा बाराव्या दिवशी गोठवतात. तुमच्या लेकीने आठव्या दिवशी केमिस्ट्री सोडली असती तर तिच्या नावावर दहा क्रेडिट उरले असते आणि या सत्राचं पेल सहाशेहून अधिक डॉलरनी घटलं असतं. पण त्या बदल्यात फीही परत आली असती. आता ती केमिस्ट्रीच्या वर्गात बसलेली आहे आणि तारीख उलटून गेली आहे, त्यामुळे डब्ल्यू घेतल्याने या सत्राचं पेल सहसा कमी होत नाही. मात्र ज्या विषयाच्या वर्गात मूल एकदाही गेलं नाही, त्याचे क्रेडिट कॉलेजला पेलच्या हिशेबातून काढावेच लागतात. कर्जासाठी किमान सहा क्रेडिट लागतात, तिच्याकडे दहा राहतात. तिथे चिंता नाही.

खरी चिंता प्रगतीच्या अटीची. संघीय मदत चालू ठेवायची तर मुलाने पदवी ठरलेल्या लांबीच्या दीडपटीत संपवायला हवी, असा नियम आहे. १२० क्रेडिटची पदवी असेल तर १८० क्रेडिट घेण्यापर्यंत. त्याचा सरळ अर्थ असा की घेतलेल्या क्रेडिटपैकी दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ६७ टक्के, पार पडले पाहिजेत. डब्ल्यूने जीपीएला, म्हणजे गुणांच्या सरासरीला, धक्का लागत नाही, पण इथे तो ‘घेतला आणि पूर्ण केला नाही’ असाच मोजला जातो. आता हिशेब करा. चौदा घेतले, केमिस्ट्रीचे चार सोडले, दहा पार पडले. ७१ टक्के. चालतं. केमिस्ट्रीबरोबर कॅलक्युलसही सोडलं तर चौदातले सहा. ४३ टक्के. तिथे ताकीद येते आणि सुधारणा झाली नाही तर मदत थांबते. काही ठिकाणी ही तपासणी दर सत्राला होते, काही ठिकाणी वर्षाअखेरीला. म्हणून केमिस्ट्री सोडण्यात धोका नाही, पण त्या ओघात दुसरा विषय सोडू देऊ नका. तिचा हात पोर्टलवर असेल तेव्हा शेजारी बसा.

नापास होण्यापेक्षा डब्ल्यू बरा का? तिच्या बाबतीत हो. एफ मिळाला तरी ते चार क्रेडिट पूर्ण न झालेलेच धरतात, वर जीपीए पडतो. फक्त एक काम आधी करायला सांगा. प्राध्यापकांच्या ऑफिस अवरला जाऊन विचारायचं, आता इथून मला सी मिळणं शक्य आहे का? ३८ पहिल्या परीक्षेचे आहेत, अजून परीक्षा आणि लॅब बाकी आहे. प्राध्यापक हो म्हणाले तर विषय ठेवावा आणि कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरला आजपासून जावं, तिथे पैसे लागत नाहीत. नाही म्हणाले तर विषय सोडण्याच्या शेवटच्या तारखेआधी डब्ल्यू घ्यावा. व्याख्यान सोडलं की जोडलेली लॅबही सोडावी लागेल, ते आधीच चारात धरलंय.

तीन लहान गोष्टी त्याच फेरीत विचारून घ्या. तिला गुणवत्तेची एखादी शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र काढून बघा. त्यात बहुधा बारा क्रेडिटची अट असते आणि ती सत्र संपेपर्यंत बारा राहायला हवेत असं म्हणते. राज्याची टेक्सास ग्रँट असेल तर पहिल्या वर्षाअखेरीला कॉलेजची प्रगतीची अट पाळलेली असावी लागते, वर्षभरात २४ क्रेडिट पार पाडण्याची अट त्यापुढच्या वर्षांना लागते. आणि २००७ पासून टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत पदवीपर्यंत फक्त सहा ड्रॉपची मुभा आहे. बारावा दिवस उलटल्यावर सोडलेला विषय त्या सहांत धरतात. आजारपण, घरातला मृत्यू अशा कारणांना सूट मिळते, पण कागद दाखवावे लागतात. पहिल्याच सत्रात तिचा एक खर्ची पडेल.

आता मैत्रिणीचा सल्ला. सगळं सोडून जानेवारीत नव्याने सुरुवात. ऐकायला किती हलकं वाटतं! मी त्याचा हिशेब मांडते, तो लेकीला वहीवर करून दाखवा.

समजा सत्राची फी ५,२०० डॉलर आहे. पेल ३,६९८ आणि कर्ज २,७५० मिळून ६,४४८ आले. फी वजा जाऊन उरलेले १,२४८ तिच्या खात्यात पडले, त्यातून पुस्तकं आणि लॅपटॉप घेतला. सत्र ११० दिवसांचं. इथे क्लास डे मोजत नाहीत, कॅलेंडरचे दिवस मोजतात, शनिवार-रविवारसकट. सलग पाच किंवा अधिक दिवसांची सुट्टी असेल तेवढी वगळतात. ती चव्वेचाळिसाव्या दिवशी बाहेर पडली. ११० पैकी ४४ म्हणजे ४० टक्के. सरकार म्हणतं, मिळालेल्या मदतीपैकी ४० टक्केच तुम्ही कमावली. उरलेले ६० टक्के, म्हणजे ३,८६८ डॉलर आणि ८० सेंट, कमावले नाहीत. त्यातला कॉलेजचा वाटा म्हणजे फीचे ६० टक्के, ३,१२०. तेवढे कॉलेजने ४५ दिवसांत परत करायचे. आधी कर्ज फेडलं जातं, २,७५०, मग पेलमधून ३७०. उरलेले सातशे-साडेसातशे तिच्या वाट्याला येतात, पण ते ग्रँटचे असल्यामुळे आणि ग्रँटच्या निम्म्या रकमेला संरक्षण असल्यामुळे तिच्याकडून मागत नाहीत. इथपर्यंत वाचून लोकांना वाटतं, सुटलो.

आणि मग कॉलेजचं बिल येतं. कॉलेजने तुमच्या वतीने ३,१२० डॉलर सरकारला दिले, पण फी तर माफ झालेली नाही, परताव्याची मुदत कधीच संपलेली. म्हणजे तेवढी फी आता भरलेलीच नाही. ती रोख भरायची, ताबडतोब. न भरल्यास जानेवारीची नोंदणीच होत नाही, बहुतेक कॉलेजं खात्यावर होल्ड लावतात. मैत्रीण म्हणते ती नवी सुरुवात तिथेच अडते. हातात क्रेडिट शून्य, चौदापैकी शून्य पूर्ण, प्रगतीची अट मोडलेली. शिवाय जे काही कर्ज नावावर शिल्लक राहतं, त्याची सहा महिन्यांची सवलत मूल सहा क्रेडिटच्या खाली आल्या दिवसापासून धावू लागते.

सगळं सोडण्यावाचून खरंच गत्यंतर नसेल, मुलाची तब्येत, मनाची तब्येत तशी असेल, तर सोडावं. मी कधीच कोणाला फीसाठी आजारी मुलाला वर्गात बसवा असं सांगितलं नाही. पण तारीख बघावी. सत्राचा ६० टक्क्यांहून जास्त भाग झाला की सगळी मदत कमावली असं धरतात आणि परत करण्याचा प्रश्न उरत नाही. ११० दिवसांच्या सत्रात तो सदुसष्टावा दिवस, म्हणजे ढोबळमानाने ऑक्टोबरची अखेर. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात रडत आलेल्या किती मुलांना मी म्हटलं असेल, बाळा, अजून दहा दिवस वर्गात जाऊन बसता येईल का?

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला लागलं, ‘नीट जेवत नाही’. मला त्याची भीती विषय सोडण्यापेक्षा जास्त वाटते, आणि त्याचं कारण माझं स्वतःचं आहे.

२००२ साली मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचे तीन विषय घेतले होते. मुलगा चार वर्षांचा, ह्यांची एकट्याची कमाई, मला पेल ग्रँट होतं. सप्टेंबरअखेर मिरजेहून फोन आला की अण्णांना अर्धांगाचा झटका आला. दोन दिवसांत विमानात बसले. कॉलेजला कळवायचं मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण सांगायला लाज वाटली. पस्तिशीला आलेली बाई, मोठ्या हौसेने शिकायला गेली आणि महिन्याभरात सोडून निघाली, हे कोणत्या तोंडाने सांगू असं वाटलं. वाटलं, जात नाही म्हटल्यावर ते आपोआप नाव काढतील. कोणी नाव काढत नाही. डिसेंबरात परत आले तेव्हा तीन एफ आणि एक बिल वाट बघत होतं. सगळ्या विषयांत नापास झालेलं मूल मधेच न सांगता गेलं असं धरतात आणि हजेरी घेण्याची सक्ती नसलेली कॉलेजं सत्राचा मध्य ही त्याची तारीख धरू शकतात. तसं माझ्या बाबतीत निम्मं पेल परतीला लागलं आणि साडेसहाशे डॉलर माझ्या नावावर चढले. तेव्हा आमच्या घरात साडेसहाशे डॉलर म्हणजे महिन्याचं भाडं होतं.

मी ते पाकीट दीड महिना पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. ह्यांना दाखवलं नाही. शेवटी एक दिवस मुलाला कडेवर घेऊन एड ऑफिसला गेले आणि खिडकीवरच्या बाईसमोर रडायला लागले. तिने मला पाणी दिलं आणि अपीलचा फॉर्म दिला. अण्णांचा डिस्चार्ज कागद, विमानाची तिकिटं, एक पानाचं पत्र. अपील मंजूर झालं, बिलाचे हप्ते बांधून मिळाले. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचं आजारपण किंवा इजा, किंवा तशीच विशेष अडचण, या कारणांना अपीलची वाट कायद्यातच ठेवलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी त्या कामात शिरले ती त्या बाईमुळे.

आपल्या घरांतून मुलांना अपयश सांगायची सवय नसते. तुमच्या लेकीने ३८ चा आकडा तुम्हाला सांगितला, एवढं तरी तुमच्या घरात चांगलं आहे. उद्या तिच्याबरोबर एड ऑफिसला जा. खिडकीवर एवढंच विचारायला लावा, ‘मी केमिस्ट्री आज सोडली तर माझ्या मदतीचं काय होईल?’ हा प्रश्न विचारल्याने काही नोंदलं जात नाही. उत्तर ईमेलने मागून घ्या.

प्रश्न : ताई, मी मूळचा कोल्हापूरचा. टेक्सासमध्ये कॉम्प्युटर सायन्सचं एमएस करतोय, पहिलं सत्र. नऊ क्रेडिट, तीन विषय. मशिन लर्निंग झेपत नाहीये. रूममेट म्हणतो ड्रॉप कर, पोर्टलवरून होतं, कोणी विचारत नाही. हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळाल्यामुळे मला इन-स्टेट फी लागते आणि कॅम्पसवर डायनिंगमध्ये काम करतो. फी बुडेल एवढंच ना?

उत्तर : एवढंच नाही. हे वाचेपर्यंत पोर्टलला हात लावू नकोस.

तू एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. पूर्ण वेळ शिकणं ही तुझ्या इथे राहण्याची अट आहे. एमएसला किती क्रेडिट म्हणजे पूर्ण वेळ हे विद्यापीठ ठरवतं आणि बहुतेक ठिकाणी ते नऊच असतात. त्याच्या खाली यायचं तर तुझ्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद बघणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी आधी हवी. विषय सोडून मग परवानगी मागितली तर उपयोग नाही. पोर्टल तुला अडवेलच असं समजू नकोस. तू खाली आलास हे कळल्यावर विद्यापीठाला २१ दिवसांत सेव्हिसमध्ये, म्हणजे सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत, कळवावं लागतं. रेकॉर्ड बंद झालं तर कॅम्पसवरचं कामही त्याच दिवशी बंद, आणि विनापरवानगी बाहेर पडलेल्याला देश सोडायला सवलतीचे दिवस मिळत नाहीत.

परवानगी कशावर मिळते? आजारपणावर, डॉक्टरांच्या पत्रासह, एका पदवीत एकूण बारा महिन्यांपर्यंत. अभ्यासाच्या अडचणीवरही मिळते, पण ती सुरुवातीची अडचण हवी. इंग्रजीची, इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची, किंवा चुकीच्या पातळीच्या विषयात नोंदणी झाल्याची. तू पहिल्या सत्रात आहेस, त्यामुळे तुझा अर्ज ऐकला जाऊ शकतो. पण ही सवलत एका पदवीत एकदाच मिळते, किमान सहा क्रेडिट ठेवावे लागतात आणि पुढच्या सत्रात पुन्हा पूर्ण वेळ व्हावं लागतं. आज वापरलीस तर पुढे नाही. ‘विषय अवघड आहे’ एवढंच लिहून जाऊ नकोस. मशिन लर्निंगला लागणारं गणित बीईला झालेलं नसेल तर ते तसं लिही, आणि ग्रॅज्युएट अ‍ॅडव्हायजरकडून दोन ओळी घे.

तुझी दुसरी अडचण पैशाची आहे आणि ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. टेक्सासमध्ये किमान हजार डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली की बाहेरच्या विद्यार्थ्यालाही राज्यातल्यांची फी लागू शकते. त्या हजारापेक्षा तिच्यामुळे वाचणारी फी कितीतरी मोठी असते. शिष्यवृत्तीच्या पत्रात क्रेडिटची आणि जीपीएची अट असणार. ती मोडली तर पुढच्या सत्रापासून पूर्ण परराज्याची फी. घरी कर्ज कितीचं मंजूर करून घेतलंय ते आठव आणि मग बघ.

तिसरी वाट बघ. बऱ्याच विद्यापीठांत सत्राच्या मध्यावर सुरू होणारे आठ आठवड्यांचे विषय असतात. तसा एखादा तुझ्या पदवीत बसत असेल तर आधी तो घे, नोंदणी झाल्याचं बघ, मग मशिन लर्निंग सोड, म्हणजे नऊ कधी खाली येणार नाहीत. तो ऑनलाइन असेल तर लक्षात ठेव, पूर्ण वेळेच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय धरतात. आणि हे सगळं डीएसओच्या कानावर घालूनच कर.

रूममेटचा राग धरू नकोस. त्याचं कदाचित निभावलं असेल, बारा क्रेडिट असतील त्याचे.

एका बाबांनी दोन ओळींत विचारलं आहे की फी ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) भरली होती, मुलाने सुरुवातीलाच विषय सोडल्याने पंधराशे डॉलर परत आले, ते घरखर्चाला वापरू का? नको. परत आल्या तारखेपासून ६० दिवसांत त्याच मुलाच्या ५२९ मध्ये पुन्हा भरा, म्हणजे त्यावर कर आणि दंडाचा प्रश्न येत नाही. कॉलेजचं परताव्याचं पत्र फाइलला लावून ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी कराडचा. मुलगा ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला एमएसला गेला. त्याच्या आईचं मोठं ऑपरेशन ठरलं आहे. तो सगळं सोडून येतो म्हणतो. घर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलंय. त्याला येऊ द्यावं का?

उत्तर : दादा, त्याला यावंसं वाटणारच. मी कॉलेजला न कळवता आले होते तसं त्याने येऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

सगळं सोडण्याआधी त्याला ‘डीन ऑफ स्टुडंट्स’च्या ऑफिसला जायला सांगा. घरातल्या आजारपणाचा कागद दाखवला की ते ऑफिस सगळ्या प्राध्यापकांना एकाच वेळी कळवतं आणि दहा-पंधरा दिवसांच्या गैरहजेरीत बुडालेलं काम पुढे भरून देण्याची मुभा बरेच प्राध्यापक देतात. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस आणि नंतर आठवडाभर तो तुमच्याजवळ राहू शकेल, सत्रही राहील आणि फीही. सत्राचं बहुतेक काम झालेलं असेल तर ‘इन्कम्प्लीट’ घेऊन राहिलेलं नंतर पूर्ण करता येतं, पण ते प्राध्यापकांच्या मर्जीवर आहे.

तेवढ्याने भागणार नसेल तर विथड्रॉवल डीएसओच्या परवानगीनेच घ्यायचं. परवानगी घेतली तर देश सोडायला पंधरा दिवस मिळतात. सत्राचा पहिला महिना उलटून गेलेला असल्याने फी परत येईल असं धरू नका. मात्र कौटुंबिक कारणाने फीचा विचार व्हावा म्हणून अर्ज करता येतो का, हे त्याने विद्यापीठात लेखी विचारावं. पाच महिन्यांच्या आत तो परतला तर जुनं रेकॉर्ड पुन्हा चालू करण्याची वाट असते, त्याहून जास्त झालं तर नवा आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) आणि ३५० डॉलरची सेव्हिस फी पुन्हा. म्हणजे आता आला तर जानेवारीच्या सत्राला परतण्याचं ठरवूनच यावं.

बँकेत तुम्ही स्वतः जा. शाखा व्यवस्थापकांना लेखी द्या की मुलाचं हे सत्र खंडित होत आहे, पुढचा हप्ता विद्यापीठाकडून नवीन मागणी येईपर्यंत सोडू नये. परतफेड कधी सुरू होते ते तुमच्या मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं, शिक्षण थांबलं तर ती तारीख अलीकडे येऊ शकते. ते पान त्यांच्याकडून समजून घ्या.

आणि तो थोड्या दिवसांसाठी येणार असो की सत्रभर, तिकीट काढण्याआधी त्याने आय-ट्वेंटीच्या दुसऱ्या पानावर डीएसओची प्रवासाची सही आहे का ते बघावं. एका वर्षाच्या आतली हवी. ती नसेल तर आईला भेटून परत जाताना विमानतळावर अडचण येते. वहिनींचं ऑपरेशन झालं की मला कळवा.